सुदानमध्ये लोकशाही टिकेल का?

प्रश्न: सुदानमधलं युद्ध कधी थांबणार, आणि थांबलं तरी तिथे लोकशाही टिकेल का हो? – एक वाचक, सांगली

उत्तर: लगेच थांबेल असं मला तरी वाटत नाही. लष्करप्रमुख बुरहान यांचं लष्कर आणि हेमेदतीची आरएसएफ ही निमलष्करी फौज, दोघांनी मिळून २०२१ मध्ये नागरी सरकार पाडलं आणि एप्रिल २०२३ पासून एकमेकांवरच तुटून पडलेत, सोनं बाहेर जातंय, हत्यारं आत येतायत, मग कोण कशाला थांबेल? सौदीतल्या जेद्दाहमध्ये ठरलेली शस्त्रसंधी पण टिकली नाही. आधी बाहेरून येणारी शस्त्रं बंद झाली पाहिजेत, आणि या दोघांनाच परत खुर्चीत बसवलं तर पुन्हा तेच होणार.

पण लोकशाही तिथे उपरी नाहीये बरं का. १९५३ ची तिथली निवडणूक आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली होती, आणि २०१९ मध्ये तिथले हुकूमशहा बशीर यांना हटवायला ज्या मोहल्ला कमिट्या रस्त्यावर उतरल्या त्यातलीच कितीतरी पोरंपोरी आज बॉम्ब पडत असताना मोठ्या पातेल्यात मसूर शिजवून अख्ख्या गल्लीला जेवू घालतायत. वाटाघाटीत त्यांना जागा मिळालीच पाहिजे, माझा भरवसा त्यांच्यावरच आहे.