पिंग 12 दाखवतो, तरी गेम का अडकतो

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमळनेरला घरीच माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर लावलाय, पेपर नावाच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर. त्यासाठी जुनं झिऑनचं (इंटेलचा सर्व्हरवाला प्रोसेसर) वर्कस्टेशन घेतलं, दोन प्रोसेसर मिळून 28 कोअर, 64 जीबी रॅम. दिवसा चार-पाच पोरं असली की काही तक्रार नाही. रात्री आठनंतर वीस जण आले की फोडलेला दगड परत उगवतो, माणूस चार पावलं पुढे जाऊन मागे खेचला जातो. पिंग सगळ्यांचा 10 ते 15. फायबरवाला म्हणतो लाइन ठीक आहे, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर फक्त 6 टक्के. आणि आता विचारताय, रॅम 128 करू का?

रॅम घेऊ नका. ते पैसे सध्या खिशात ठेवा.

पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. निरोप पोचल्यावर सर्व्हरनं त्यावर काम करायला किती वेळ घेतला, हे पिंग सांगत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. जळगाव ते मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाचार मिलिसेकंद पुरे झाले असते, बाकी सगळा वेळ राउटरांचा. तुमची पोरं तर गावातलीच. रस्ता मोकळाच आहे हो, गर्दी दारात झालीये.

माइनक्राफ्टचा सर्व्हर जग पुढे ढकलतो ते टिकटिक करत, सेकंदाला 20 वेळा. म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या गायी, झोंबी, हॉपर (वस्तू एका पेटीतून दुसरीत सरकवणारे), रेडस्टोन (गेममधली वीज), वाहतं पाणी आणि वीस खेळाडूंची हालचाल, सगळं उरकायचं. 50 च्या आत उरकलं तर कोणाला काही कळत नाही. 80 लागले की सेकंदाला 20 ऐवजी 12 टिक होतात आणि सगळं जगच हळू चालायला लागतं. तुमच्या लॉगमध्ये रात्री 'कांट कीप अप' (झेपत नाहीये) अशी ओळ येत असणार, पुढे 'रनिंग 2340 एमएस ऑर 46 टिक्स बिहाइंड' असं काहीतरी. ती ओळ कशी वाचायची बघा: 2340 भागिले 50. सर्व्हर 46 टिक मागे पडलाय, म्हणजे सव्वादोन सेकंदांचं काम साचलंय. पोरगं मागे खेचलं जातं ते याच वेळी. त्याच्या कॉम्प्युटरनं अंदाजानं त्याला पुढे नेलेलं असतं, सर्व्हर जागा झाल्यावर म्हणतो, तू तर अजून इथंच आहेस.

आता 28 कोअरचं. जगाचं हे मुख्य काम एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालतं, कारण क्रम महत्त्वाचा असतो. पेटीतला हिरा आधी कोणी उचलला, हे दोन कोअरनी एकाच क्षणी ठरवलं तर हिरे दोन होतील. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग आठवा. आत हमाल कितीही वाढवा, वजनकाटा एकच असेल तर रांग काट्याच्या वेगानंच सरकणार. तुमच्या मशीनमध्ये दर कोअरला दोन धरून 56 थ्रेड आहेत. त्यातला एक पूर्ण घाईला आला तरी सरासरीत 2 टक्केही दिसत नाही. म्हणून 6 टक्के बघून फसायला होतं. अशा जुन्या झिऑनचा बेस क्लॉक, म्हणजे एकेका कोअरचा मूळ वेग, कमी असतो. या कामाला त्याच्यापेक्षा चार-सहा कोअरचा, पण एकेक कोअर जोरात पळणारा साधा डेस्कटॉप प्रोसेसर बरा. पेपरवाल्यांनीच 2023 मध्ये फोलिया आणला, तो जगाचे तुकडे करून वेगवेगळ्या थ्रेडवर चालवतो. पण तुमचे बरेच प्लगइन (सर्व्हरला वरून जोडलेल्या सोयी) त्यावर चालणार नाहीत, आणि पोरं सगळी एकाच बाजारात जमत असतील तर फायदाही नाही.

हे फक्त घरगुती सर्व्हरचं दुखणं नाही. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये एका सूर्यमालेचा भार एकाच प्रोसेसवर येतो. हजारो जहाजं एका ठिकाणी भिडली की सर्व्हर कोलमडायचा. शेवटी 2012 मध्ये त्यांनी तिथला काळच मंद करायची सोय केली, पार 10 टक्क्यांपर्यंत. व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम सेकंदाला 128 टिक चालवतो, म्हणजे एका टिकला 8 मिलिसेकंदही मिळत नाहीत. त्यांना ते जमतं कारण मैदानात फक्त दहा जण असतात. दहा जणांना एकमेकांची खबर द्यायची तर 90 निरोप, शंभर जणांना द्यायची तर 9900. माणसं दहापट, निरोप शंभरपटीहून जास्त. म्हणून मोठे गेम दूरच्या खेळाडूची खबर कमी देतात किंवा देतच नाहीत.

माझं सांगतो. भुसावळला मी दोन वर्षं पोरांसाठी सर्व्हर चालवतोय. पहिल्या वर्षी मीही रॅमच वाढवली, काडीचा फरक पडला नाही. मग स्पार्क प्लगइनचा प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारा) लावला आणि ऐन गर्दीत दहा मिनिटं चालू ठेवला. एका टिकचे सरासरी 71 मिलिसेकंद निघाले आणि त्यातले 26 एकट्या हॉपरांचे. एका पोरानं डोंगराखाली अख्खी वर्गवारीची वखार बांधली होती, चारशेवर हॉपर. प्रत्येक हॉपर सारखा वरच्या पेटीत डोकावतो. त्याला घेऊन बसलो, जिथे नुसती वाहतूक होती तिथे बर्फावरून वाहतं पाणी केलं, बाकीचे हॉपर निम्म्यावर आणले. त्याची एकही वस्तू वाया जाऊ दिली नाही. पोराची मेहनत असते ती, न विचारता तोडू नका.

दुसरा फरक सिम्युलेशन डिस्टन्सनं पडला, म्हणजे खेळाडूभोवती किती अंतरापर्यंत जग चालू ठेवायचं त्या सेटिंगनं. तो मुळात 10 असतो, म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, एकूण 441 चंक (जगाचे चौकोनी तुकडे) जिवंत. 6 केला की 13 गुणिले 13, फक्त 169. वीस पोरं वीस दिशांना पांगली तर याचा अर्थ काय होतो, ते तुम्हीच मांडून बघा. व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती लांबचं दिसतं ते, वेगळा असतो, तो 8-10 राहू द्या, डोंगर दिसायला हवेत.

मेमध्ये मात्र वेगळंच झालं. सेटिंग तीच, पोरं तीच, आणि दुपारी तीनला अडकायला लागलं. आमच्याकडे पारा 45 च्या वर, मशीन पत्र्याच्या खोलीत. प्रोसेसर 96 अंशांवर जाऊन स्वतःला वाचवायला क्लॉक 4.4 गिगाहर्ट्झवरून 2.9 वर आणत होता. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला. ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, मशीन खालच्या खोलीत आणलं. तुम्हीही एकदा तापमान बघाच.

रॅमबद्दल एवढंच की वीस जणांना 8-10 जीबी पुरते. जावाला 50 जीबी देऊन ठेवलेत तर त्यानं गेम पळणार नाही. आणि जग हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडीवर हलवा, चंक वाचताना आणि सेव्ह होताना जे झटके बसतात ते बरेचदा तिथले असतात.

भाड्याचा सर्व्हर घ्यायचा मोह होईल. मी घेतला होता तीन महिने. 8 कोअर लिहिलेले, पण ते शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेले. लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये 'एसटी'चा (स्टील, म्हणजे चोरलेला वेळ) आकडा रात्री 20 टक्क्यांच्या वर जायचा, म्हणजे माझ्या वाट्याचा वेळ दुसऱ्याच कोणाला जात होता. घेणार असाल तर हा आकडा रात्री नऊला बघून मगच वर्षाचे पैसे भरा.

आता असं करा. शनिवारी रात्री पोरं जमली की साडेआठ ते पावणेनऊ स्पार्क चालू ठेवा. त्याचा रिपोर्ट, सिम्युलेशन डिस्टन्स, प्लगइनची यादी आणि त्या वेळचं प्रोसेसरचं तापमान इथे टाका. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, बसून बघतो.