सीटी झाला तरी एमआरआय कशाला?

प्रश्न: बाबा सकाळी चहा पीत होते, कप हातातून निसटला आणि तोंड वाकडं झालं. हॉस्पिटलात आधी सीटी केला, रिपोर्ट जवळपास नॉर्मल, तरी दुसऱ्या दिवशी एमआरआय. दोनदा खर्च कशाला?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: ताई, तुमची घालमेल समजते, पण हे दोन स्कॅन एकाच कामाचे नाहीत बरं का. लकव्यात डॉक्टरांना पहिल्यांदा एकच बघायचं असतं, मेंदूत रक्तस्राव झालाय का, कारण मेंदूची रक्तवाहिनी बंद करणारी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि रक्तस्राव असताना दिलं तर जिवावर बेतू शकतं. ताजं रक्त सीटीत पांढरंफटक दिसतं, तेही काही सेकंदांच्या स्कॅनमध्ये. 1971 मध्ये लंडनला पहिल्या पेशंटचा सीटी झाला तेव्हा मेंदूच्या एकेका कापाला काही मिनिटं लागायची!

पण रक्तपुरवठा बंद पडलेला छोटा भाग सुरुवातीला सीटीत दिसतच नाही, एमआरआयमध्ये तो चमकतो, म्हणून तो नंतर केला. आता तर कुठला भाग अजून वाचू शकतो हेही स्कॅनमध्ये कळतं, त्यामुळे निवडक पेशंटची गुठळी 24 तासांपर्यंत रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक तारेनं काढता येते.

पुन्हा असं काही झालं तर बाबा शेवटचे नीट किती वाजता होते ते लिहून ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतील. आणि पेसमेकर असेल तर एमआरआयच्या आधी नक्की सांगा.