‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि ‘स्मार्ट’ पॅकेजिंगला मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी: कोळंबीची टरफलं, भाजीचा पाला अशा टाकाऊ मालापासून केलेल्या अन्नवेष्टनांवर लिहिताना ‘अ‍ॅक्टिव्ह’, ‘स्मार्ट’ आणि ‘बायोडिग्रेडेबल’ यांना मराठीत काय म्हणावं?

‘अ‍ॅक्टिव्ह’ला ‘सक्रिय’ रुळलाच आहे. ‘स्मार्ट’ला ‘हुशार’ नको, ते वेष्टन काही विचार करत नाही. युरोपीय संघाच्या 2009च्या नियमात दोन कामं वेगळी केली आहेत: सक्रिय वेष्टन अन्न टिकवतं, दुसरं अन्नाची स्थिती कळवतं. या दुसऱ्याला मी ‘दर्शक वेष्टन’ म्हणेन. आम्ल-आम्लारी ओळखणाऱ्या पदार्थाला शाळेच्या पुस्तकात ‘दर्शक’च म्हणतात आणि इथेही अनेकदा तशीच रसायनं असतात.

उदाहरणार्थ, कोळंबीच्या टरफलांतलं कॅल्शियम कार्बोनेट विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि प्रथिनं विरल कॉस्टिक सोड्याने काढली की कायटिन, म्हणजे टरफलाला आकार देणारं चिवट द्रव्य, उरतं. ते 40 ते 50 टक्के कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसान मिळतं. 1 टक्का अ‍ॅसेटिक आम्लाच्या 100 मिली द्रावणात 2 ग्रॅम कायटोसान आणि अर्धा ग्रॅम ग्लिसरॉल घालून ताटलीत पातळ ओतायचं आणि मंद उष्णतेवर वाळवायचं. ग्लिसरॉल कमी पडलं तर पापुद्रा तडकतो, जास्त झालं तर चिकटतो. कायटोसानचे धनभारित गट जिवाणूंच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ रोखतात, म्हणून हा पापुद्रा ‘सक्रिय’.

यात लाल कोबीच्या बाहेरच्या पानांचा अर्क मिसळला की तो ‘सक्रिय-दर्शक’ होतो. मासळी खराब होताना सुटणाऱ्या अमोनिया, ट्रायमिथाइलअमाइन या वायूंनी लाल-जांभळा रंग निळा-हिरवा होतो. गोची अशी, की या वायूंनी पापुद्र्यात उरलेलं आम्ल आधी उदासीन होतं, मग रंग बदलतो. तोवर मासळी कदाचित खाण्याजोगी राहिलेली नसते. कोकमाच्या सालीचा रंग कितीही मोहात पाडो, तिच्यात स्वतःचंच आम्ल भरपूर असल्यामुळे इथे ती आणखी अडचणीची. रंगाचा थर वेगळा, स्टार्चमध्ये दिलेला बरा. शिवाय हे रंग उजेडात आणि उष्णतेत फिके पडतात.

‘बायोडिग्रेडेबल’ला ‘जैवविघटनशील’ पूर्ण लिहावं. नुसतं ‘विघटनशील’ म्हटलं की उन्हात तुकडे होणारं प्लास्टिकही त्यात बसतं. ‘कंपोस्टेबल’ला ‘कंपोस्टयोग्य’ हा शब्द राखून ठेवावा, आणि कुठल्या कंपोस्टमध्ये तेही सांगावं. मक्याच्या साखरेपासून केलेलं पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिक 58 अंश सेल्सिअसच्या आसपास चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्टमध्ये काही महिन्यांत कुजतं, परसातल्या खड्ड्यात मात्र ते बराच काळ तसंच पडून राहतं.