माळरानातली पोरगी कोकणात काय करणार?

प्रश्न: आम्ही मोहोळ तालुक्यातले ज्वारी आणि डाळिंब करणारे शेतकरी. मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरकारी कृषी विभागात कृषी सेवकाच्या भरतीची जाहिरात निघाली की कोकण विभागातूनच अर्ज भरायचा म्हणते. तिला ना आंब्यातलं कळतं, ना भातातलं. समुद्राकाठच्या गावात तिचं कोण ऐकणार? आणि या नोकरीत अनुदानाचे कागद गोळा करण्यापलीकडे काही असतं का?

उत्तर: नमस्कार. आधी कागदांचं बोलतो. कागद भरपूर असतात, आणि काही वेळा तेच खरं काम असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. तिथल्या वाड्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, गुंठ्यांच्या; हेक्टरी मदतीच्या हिशोबात त्यांच्या वाट्याला काय येणार? म्हणून झाडागणिक मदतीची मागणी झाली. असा पंचनामा वाडीत उभं राहून, एकेक झाड मोजूनच करावा लागतो.

एरवीचं काम हापूसवरून समजेल. हे झाड एक वर्ष लागतं, एक वर्ष रुसतं. त्यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस आहे. झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं हे औषध. बागायतदार त्याला कल्टार म्हणतात. पावसाळ्यात ते बुंध्याभोवती मातीत देतात आणि मात्रा झाडाच्या विस्तारावरून ठरते. अंदाजाने जास्त ओतलं आणि खतात हात आखडला, तर झाड खंगतं. पुस्तकातली मात्रा बागेत टेप लावून, मालकाच्या समोर काढून देणारं माणूस लागतं. फळमाशीचंही तेच. रक्षक सापळ्यात मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर येऊन मरतात, पण एकट्याने लावून भागत नाही, शेजारच्या बागांनीही लावावा लागतो. शेजाऱ्याला तयार करणं हे विस्ताराचं, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत तंत्र पोचवण्याचं काम! काढणीला फळ चौदा आणे तयार, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडं आधीचं हवं आणि देठासकट उतरायला हवं. त्यासाठी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे फळं उतरवायचं काठीचं अवजार आहे. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि पेटीचा भाव उतरतो.

खाडीकाठची गोष्ट आणखी वेगळी. उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं की खाचरं खारवतात. तिथे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे भाताचे वाण टिकतात. पण ते बियाणं रोपवाटिका टाकायच्या आधी गावात पोचायला हवं.

आता, तिचं कोण ऐकणार? कोकणात घरटी कुणी ना कुणी मुंबईला असतो आणि शेती बऱ्याच अंशी बायकांच्या हातात असते. त्या तुमच्या मुलीशी मोकळ्या बोलतील. सातबाऱ्यावर मात्र नावांची रांग असते. फळबागेच्या योजनेला सहहिस्सेदारांची संमती हवी, आणि चाकरमानी भेटतात गणपतीत नाही तर शिमग्याला. तेव्हा सणासुदीला तिला गावातच राहावं लागेल, हे आजच धरून चाला.

तिची शिदोरीही कमी समजू नका. तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. ठिबक, आच्छादन, शेततळं हे तुमच्या घरात रोजचं आहे. १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेने तुमच्याकडे डाळिंब-बोर वाढली, तिकडे आंबा-काजू. म्हणजे योजनेची भाषा तिला नवीन नाही. भात आणि आंबा मात्र तिला पहिल्यापासून शिकावे लागतील, आणि ते बागायतदारांकडूनच.

माझी खरी काळजी दुसरी आहे. ही भरती विभागवार होते. तुमचा सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो. सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर जातात आणि विभाग बदलून घरी येणं सोपं नसतं. 'लागली की बदली करून घेते' असं मनात असेल तर तिने सरळ पुणे विभागातूनच अर्ज भरावा. कोकणातल्या गावाला दोन वर्षांत निघून जाणारं माणूस नको आहे.

तिच्या मनाचा कल तपासायला एक जागा जवळच आहे. पदवीच्या अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवात कृषिकन्या म्हणून ती ज्या गावात राहिली, तिथे डायरी भरून झाल्यावर, गुण मिळाल्यावर, ती कुणा शेतकऱ्याकडे पुन्हा गेली का? गेली असेल तर तिला अडवू नका. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या प्रशिक्षणांना तिला आत्ताच जाऊ द्या. मोहोर आला की जानेवारीत दापोलीला घेऊन जा. तुम्हीही बागांतून फिरा, फवारणीचं वेळापत्रक विचारा. आणि जुलैत पुन्हा एकदा जा, कारण तिला राहायचंय त्याच पावसात.