मुलीच्या हातातलं दुःखाचं पुस्तक काढून घ्यावं का?

मुलं वाचत नाहीत, ही तक्रार आम्हा समुपदेशकांच्या अंगवळणी पडली आहे. हल्ली तिच्या जोडीला दुसरी येते: वाचते हो, पण हे असलं का वाचते?

ठाण्याच्या एका आईचा प्रश्न हाच होता. (तपशील बदलले आहेत. मुलीला ईशा म्हणू.) आठवीतली ईशा शाळा सुटली की घराजवळच्या छोट्याशा पुस्तकांच्या दुकानात रेंगाळायची. तिथल्या काकांनी तिला पॅट्रिक नेसची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ ही इंग्रजी कादंबरी काढून दिली. 13 वर्षांचा कॉनर, कॅन्सरने आजारी असलेली त्याची आई आणि रात्री 12 वाजून 7 मिनिटांनी येणारा राक्षस. 2011 सालच्या या पुस्तकाची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. ती स्वतःच कॅन्सरने गेली, म्हणून ते नेसने लिहिलं.

आईने मागचं कव्हर वाचलं आणि पुस्तक थेट कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याखाली! त्यानंतर ईशा घरात कुणाशी धड बोलेना. ‘बघा ना मॅडम, वाचूनच अशी झाली,’ असं आईचं म्हणणं. मला तर ती पुस्तक काढून घेतल्यामुळे तशी झालेली दिसत होती.

घरात कुणाचं आजारपण आहे का, असं विचारलं. आई जरा घुटमळली. त्यांच्या धाकट्या बहिणीची परळला टाटामध्ये केमो चालू होती. ‘पण ईशाला काही कळू दिलेलं नाही. मावशीला कावीळ झालीय, असं सांगितलंय.’

ईशाला मी वेगळं भेटले. कावीळ नाही, हे तिला केव्हाच कळलं होतं. मावशीच्या डोक्याला घरातही स्कार्फ असायचा आणि ईशा खोलीत आली की मोठ्यांचं बोलणं बंद पडायचं. पुस्तकाबद्दल मात्र ती भरभरून बोलली. ‘कॉनरच्या मनात एक गोष्ट असते, ती त्याला कुणालाच सांगता येत नाही. लाज वाटते त्याला.’ मग म्हणाली, ‘मला मावशीकडे जायचा कंटाळा येतो. आणि कंटाळा आला की माझीच मला चीड येते. ती किती लाड करते माझे!’

हे ती आईला सांगू शकत नव्हती, कारण घरात आजारच नव्हता! पुस्तकाने तिला दुःखी केलं नव्हतं. दुःख आधीपासून होतं, पुस्तकात फक्त त्याच्याबद्दल कुणीतरी बोलत होतं.

म्हणून डोळे मिटून राहावं असंही नाही. झोप-जेवण बरेच दिवस बिघडलं, मैत्रिणी तुटल्या, मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलू लागलं, तर कारण पुस्तक की आणखी काही याचा काथ्याकूट करत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ईशाच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

आईला दोन कामं सांगितली: पुस्तक आधी स्वतः वाचा, मग परत द्या. आणि कावीळ मागे घ्या. पहिलं त्यांनी लगेच केलं, दुसऱ्याला बराच वेळ लागला. अखेर त्यांनी पुढच्या केमोची तारीख ईशाला सांगितली, येतेस का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. आईने आग्रह केला नाही, हे मला फार आवडलं.

राहता राहिले दुकानदार काका. त्यांच्यावर माझा राग नाही. चांगला पुस्तकविक्रेता मुलाचं वय विचारून थांबत नाही, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंस तेही विचारतो. मुंबईत प्रभादेवीला ‘कहानी ट्री’सारखं फक्त मुलांच्या पुस्तकांचं दुकान आहे. पराग ऑनर लिस्ट ही हिंदी-इंग्रजी पुस्तकांची निवडक यादीही दर वर्षी निघते. मराठीत मात्र ‘फास्टर फेणे’ संपला की मुलं एकदम मोठ्यांच्या कपाटापाशी जातात. 13 ते 16 या वयाचा खण अजून फार रिकामा आहे, त्यामुळे ही मुलं इंग्रजीकडे वळली तर नवल नाही.

जाता जाता आईने विचारलं, ‘घरातल्या आजारपणाचं त्या काकांना सांगून ठेवू का? म्हणजे पुढच्या वेळी बघून देतील.’

म्हटलं, ईशाला विचारा. ती नको म्हणाली, तर नाही.