धनुषकोडीला खरंच ट्रेन जायची का? आणि ते स्टेशन आता परत बांधणार आहेत का?

जायची ना, रामेश्वरच्या पुढे बेटाच्या अगदी टोकाला आहे धनुषकोडी, आणि तिथे उतरून लोक बोटीने थेट सिलोनला, म्हणजे आताच्या श्रीलंकेला जायचे. परत बांधायचं ठरलं होतं हेही खरं. पण ठरणं वेगळं आणि बांधणं वेगळं, ठाणे-मुलुंडच्या मधल्या नवीन स्टेशनबद्दल इतकी वर्षं ऐकतोय आम्ही ठाणेकर, त्यामुळे मी जरा सावधच असतो.

आईने काशीहून आणलेला गंगेचा गडू देव्हाऱ्यात कधीचा तसाच होता, तो रामेश्वराला वाहायचा म्हणून आई आणि मावशीला घेऊन गेलेलो, तेव्हा धनुषकोडीपण केलं. 2017 पासून टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्याआधी वाळूतून गाड्या जायच्या. स्टेशन म्हणून दाखवतात ते म्हणजे पडक्या भिंती आणि कमानींचे तुकडे, छप्पर वगैरे काही नाही, आणि बाजूला शंखशिंपल्यांच्या माळांची दुकानं. मावशी म्हणाली, "एवढंच बघायला आणलंस होय रे?" मग पडक्या चर्चच्या भिंतीला हात लावून बघितला तर तो साधा दगड नाहीच, प्रवाळ आहे, सगळा भोकाभोकांचा, तेव्हा ती जरा गप्प झाली.

रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल 1914 ला सुरू झाला आणि मद्रासहून येणारी बोट मेल, म्हणजे बोटीच्या वेळेला जोडलेली ट्रेन, इथवर यायला लागली. स्टेशनच्या जवळच धक्का, तिथून सिलोनचं तलाईमन्नार साधारण 35 किमी, आणि पलीकडे कोलंबोची गाडी. म्हणजे हे स्टेशन गावासाठी नव्हतंच खरं तर, बोटीसाठी होतं. कस्टम, पोस्ट ऑफिस सगळं त्यामुळेच आलेलं.

मग 22 डिसेंबर 1964 ची रात्र. चक्रीवादळ आलेलं, पांबनहून निघालेली 653 नंबरची पॅसेंजर धनुषकोडीच्या अगदी जवळ पोचलेली आणि लाटेने अख्खी गाडी नेली, शंभरावर माणसं होती, एकही वाचलं नाही. पांबन पुलाचेपण 126 गर्डर गेले. तो पूल 46 दिवसांत परत उभा केला तो श्रीधरन साहेबांनी, हो तेच, आपल्या कोकण रेल्वेवाले. पण गाडी परत सुरू झाली ती रामेश्वरपर्यंतच. पुढची लाईन सोडून दिली आणि गाव राहण्यालायक नाही म्हणून जाहीर केलं. मच्छीमारांची थोडी घरं मात्र आजही आहेत, वाळूत हातभर खड्डा केला की गोडं पाणी लागतं त्यांना, दोन्ही बाजूला समुद्र असून!

आता प्लॅनचं. रामेश्वर ते धनुषकोडी ब्रॉडगेज, साधारण 17 किमी म्हणजे ठाण्याहून विद्याविहारला जाण्याएवढं, खर्च 208 कोटी धरलेला आणि भूमिपूजन झालं 1 मार्च 2019 ला. पुढे जमीन आणि पर्यावरण यात गाडं अडलं. गोंधळ कुठे होतो माहितीये का, 6 एप्रिल 2025 ला नवीन पांबन पूल सुरू झाला, तो मधला भाग सरळ वर उचलला जाणारा, त्याचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि खाली कोणीतरी लिहितं धनुषकोडीची ट्रेन सुरू. तो पूल रामेश्वरला जायचा आहे, धनुषकोडी त्याच्याही पुढे.

मला विचाराल तर बोटच नाही म्हटल्यावर ते स्टेशन फक्त फिरायला येणाऱ्यांसाठी होणार, आणि तेवढ्यासाठी एवढ्या चिंचोळ्या वाळूवर रूळ टाकायचे हे मला तरी पटत नाही. आईला उलट वाटतं ट्रेन व्हायलाच हवी, तिचे गुडघे दुखतात.

जायचं असेल तर ट्रेनची वाट बघू नका, रामेश्वरहून बस मिळते. सकाळी लवकर निघा, अंधार पडल्यावर थांबू देत नाहीत, आणि दुपारी ती वाळू अनवाणी पायाने तुडवायच्या भानगडीत पडू नका, मी पडलेलो.