‘कळलं नाही’ म्हणून लगेच पुढे सरकू नका

पहिल्यांदाच आधुनिक चित्रं बघायला जाताय ना, मग शेजारची माहितीची पाटी आधी वाचू नका. चित्रासमोर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. रंग कुठे दाट आहे, कुठे पुसलाय, नजर कुठे अडकते, एवढंच बघा. ‘यात काय दाखवलंय?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. १८३९ मध्ये छायाचित्रणाचं तंत्र जगासमोर आलं आणि हुबेहूब दाखवण्याची चित्रकारांची मक्तेदारी हळूहळू संपलीच.

एकच चित्र सुटं बघून मत बनवू नका, हे मात्र आग्रहाने सांगेन. डच चित्रकार मोंद्रियानचे लाल-निळे चौकोन बघून ‘हे तर मलाही जमेल’ असं वाटतं (सगळ्यांनाच वाटतं, लाजू नका). त्याआधीची त्याची झाडांची चित्रं शोधा. १९११ चं करडं झाड अजून झाड म्हणून ओळखू येतं. १९१२ च्या बहरलेल्या सफरचंदाच्या झाडात जवळजवळ वळणदार रेषाच उरतात. क्रमाने पाहिलं की चौकोनांपर्यंतची वाट दिसते.

आणि नाही आवडलं तर बिनदिक्कत तसं म्हणा. चित्रकार मालेविचचा १९१५ चा काळा चौकोन मला फार महत्त्वाचा वाटतो, पण घरात लावायला तो मला नको.